अख्खी भाकर

गुंजन बारा किलो सहाशे,
ओजस आठ किलो नऊशे.
अंगणवाडीतल्या लोंबत्या काट्यावर
दर महिन्याला दोघांना टांगते झोळीत,
आकडे पाठ असतात, उसन्या पैशासारखे.
परवा उईके मॅडमनं पेन खाली ठेवला.
"अन् तुहं वं, जोत्स्ना?"
मी म्हटलं, मोठ्यांचा काटा बिघडला आहे.
बिघडला नव्हता.

मी जेवत नाही असं नाही.
दिवसभर जेवतच असते:
वरणात बुडालेल्या बिस्किटाचा चिखल,
भाताचं गार ढेकूळ, त्यात एक केस,
पोळीचा काठ, जिचा मधला चंद्र कुणीतरी खाल्ला,
अर्धं केळं, दातांच्या खुणांसकट.
फेकवत नाही.
उभ्यानेच, कडेवर लेकरू,
मोकळ्या हाताने तोंडात.
ताटच घेतलं नाही तर
जेवण सुरू कधी झालं, संपलं कधी,
कुणाला सांगता येतं?

देवानंद हिंगणघाटला जिनिंगमध्ये. शनिवारी येतो,
केसांत कापूस.
"जेवली का?"
"हो."
खोटं नसतं ते. हिशेब लागत नाही फक्त.

रात्री दोघं निजले की भूक येते,
पण तिच्याआधी झोप येते,
आणि झोप अंगानं थोराड.

त्या दिवशी पहाटे चारला डोळा उघडला.
कुणी रडलं नव्हतं.
शेजारच्या कोठ्यात गाईची घंटी,
वणेकडून दाराच्या फटीतून थंडी,
भांडी पालथी, काल रात्रीची.
या वेळेला चोर उठतात.

गॅसचा खटका वाजेल म्हणून
अंगणातली चूल पेटवली, तुराट्या सारल्या.
एका भाकरीपुरतं पीठ घ्यायची
हाताला सवय नाही,
दोनदा परत डब्यात टाकलं.
थापताना आवाज होतो. श्वास धरून थापली.
तुळसाबाईच्या वावरातले हरभऱ्याचे शेंडे
कालच खुडून आणले होते.
"खुड बिनधास्त, खुडला की फुटते अजून," म्हणाली होती.
त्यांचा घोळाना: कांदा, मीठ, तिखट,
वरून जवसाचं कच्चं तेल, न मोजता.
भाकर फुगली,
पोटातून वाफ सोडली तिनं.

मी ताट घेतलं. ताट!
लग्नातलं, भावाचं नाव कोरलेलं.
पाय पसरून बसले जमिनीवर.
पहिल्या घासाला जीभ पोळली.
इतक्या दिवसांनी पोळली की वाटलं,
हे तोंड कुणाचं?

तिसऱ्या घासाला ओजस रडला.
गुडघे आपोआप वर आले.
मी हातानं धरून ते खाली ठेवले,
दुसऱ्याच्या घरचं सामान ठेवावं तसे.
"थांब," म्हटलं. हळूच.
त्याला ऐकूही गेलं नसेल.
तो रडत होता, मी चावत होते.
हरभऱ्याची आंब दाढेखाली,
तेलाचा कडवट वास, कांद्याचं पाणी,
सगळं एकेक करून कळत होतं.

मग गुंजन आली, चादर फरफटत.
उंबऱ्यात उभी राहून पाहत राहिली ताटाकडे,
मग पसरलेल्या पायांकडे.
"काय खाऊन रायली वं माय?"
"भाकर."
"कोनाची?"

चतकोर उरला होता.
हात सवयीनं निघाला तिच्याकडे
आणि अर्ध्या वाटेत थांबला.
"माही," म्हटलं.
"तुह्यासाठी दुसरी टाकतो. हे होऊ दे आधी."

ती समोर बसली मांडी घालून,
शेवटचा घास जाईपर्यंत
डोळे न हलवता.
आत ओजस गप्प झाला होता,
भिंतीवरच्या पालीला काहीतरी सांगत होता.